ओढ्याकडचा उतार

माईक जरा खाली करा. अजून. हां, बास.

कुंभार पिंपळगावच्या मंडळींनो, वाटूरहून, घनसावंगीहून आलेल्या खेळाडूंनो, आयाबहिणींनो, भाभी, रुबीना बेटा. सगळ्यांना रामराम अन् सलाम.

युनूसभाईला जाऊन आज अकरा दिवस झाले. त्याच्याच गोलापुढं आपण मांडव घातलाय अन् त्याच्याच माघारी त्याच्याविषयी बोलून राह्यलोत. मला हे लई जड जाऊन राह्यलं. मी जन्मभर दोनच ठिकाणी तोंड उघडलं, मेंढरांमागं अन् मैदानात. दोन्हीकडं नुसतं ओरडायचं असतं. भाषण करायचं नसतं. तव्हा माझं काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

ज्यांना मी माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. मी भगवान. आता मेंढरं पाळतो, थोडी शेती करतो. एके काळी फुटबॉलमध्ये युनूसच्या पुढं बचावाला खेळायचो. तो गोलात, मी त्याच्यापुढं दहा-पंधरा पावलांवर. तुम्ही त्याला युनूसभाई म्हणता. मी युन्या म्हणायचो अन् तो मला भगवान्या. आज मात्र युनूसच म्हणतो. भाभी समोर बसल्यात.

मघापासून चार भाषणं झाली. सगळे चांगलं बोलले. युनूसभाई दिलदार होते, पोरांना फुकट शिकवायचे, सगळ्या जातीपातीत मिसळायचे. सगळं खरं आहे. सरपंचांनी सांगितलं की या मैदानाला त्याचं नाव द्यायचं, कमान बांधायची, मुरूम टाकून मैदान सपाट करायचं. टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या.

पण मंडळी, माझं एक म्हणणं आहे. नाव जरूर द्या. त्याच्या आधी आपण त्याला जे नाव दिलं होतं ते परत घ्या.

काय म्हणायचो आपण त्याला? सांगा की. आता सगळ्यांच्या माना खाली काहून गेल्या? मी सांगतो. गाळणी. वीस वर्षांच्या वर झाली, हे गाव आपल्या गोलकीपरला गाळणी म्हणतं. त्याच्या पाठीमागं म्हणतं, त्याच्या तोंडावर म्हणतं, हसून म्हणतं. मी पण त्या हसणाऱ्यांत होतो, अन् हसायचा हक्क सगळ्यांत कमी माझा होता.

मी आज त्याच्यासाठी उभा राह्यलोय.

आधी तो कसा गोलकीपर झाला ते ऐका. नव्या पोरांना माहीत न्हाई. रहीमचाचा, म्हणजे त्याचे वडील, पिंजारी. बाजारपेठेत गाद्या-रजयांचं दुकान. पिंजलेल्या कापसाचा ढीग दुकानात छातीएवढा असायचा. शाळेतून आला की युनूस दप्तर फेकायचा अन् त्या ढिगात आडवा सूर मारायचा. रहीमचाचा ओरडायचे, "अरे, रुई पे मत कूद. बैठ जाएगी." कापूस बसला की परत पिंजावा लागतो ना. मार बराबर बसायचा. दुसऱ्या दिवशी परत उडी. मी दारात उभा राहून चिंध्यांचा चेंडू फेकायचो, कधी डावीकडं, कधी उजवीकडं, अन् तो कापसात पडायचा.

मंग आपल्या शाळेत हैदराबादकडचे एक पीटीचे मास्तर आले. त्यांनी खरा चेंडू आणला. त्यांनी विचारलं, गोलात कोण उभं राहतं? कोणीच न्हाई. गोलात उभं राहणं म्हणजे शिक्षा असं सगळ्यांना वाटायचं. युनूस म्हणला, "मैं." मास्तरनं पहिलाच चेंडू मारला अन् ह्यानं कापूस समजून या मुरमाड जमिनीवर सूर मारला. कोपर फुटलं, गुडघा फुटला. चेंडू मात्र छातीशी होता.

रहीमचाचांनी ते कोपर पाहिलं. आम्हाला वाटलं, आता खेळ बंद. पण दुसऱ्या दिवशी युनूसच्या पायजम्याच्या गुडघ्यांवर अन् सदऱ्याच्या कोपरांवर कापूस भरून टाके घातलेले होते. रजईला घालतात तसेच, आडवे-उभे. जिल्ह्याच्या सामन्यात जालन्याची पोरं त्याला पाहून हसली होती. अर्ध्या तासानं त्यांचं हसू थांबलं, कारण त्यांचा एकही गोल झाला न्हाई.

आता मैदानाचं सांगतो. नीट ऐका, सगळं याच्यावरच आहे.

हे आपलं बाजार मैदान. आठवड्याचा बाजार इथंच भरतो. तिकडच्या टोकाला बाजाराचे ओटे आहेत, म्हणून तिकडं गोल कधी करता आला न्हाई. गोल एकच, हा माझ्या मागं आहे तो. आमचं सगळं बालपण या एका गोलात गेलं. अन् मैदान कसं आहे? रस्त्याकडून ओढ्याकडं उतरतं. रोज पाहून पाहून तुमच्या ध्यानात येत न्हाई. मघा त्या काकांच्या हातातून पाण्याची बाटली पडली अन् कुठं गेली? ओढ्याकडं. इथं चेंडू सरळ मारला तर सरळ जात न्हाई. वळत वळत ओढ्याकडंच जातो.

म्हणून आम्ही पिंपळगावची पोरं काय शिकलो? युनूसला मागं चेंडू द्यायचा असला की त्याच्याकडं बघून द्यायचा न्हाई. जरा रस्त्याकडं धरून द्यायचा. चेंडू उतारानं आपोआप त्याच्या पायात जायचा. अन् तोही तसाच, गोलाच्या मधोमध न्हाई, दीड पाऊल ओढ्याकडं सरकून उभा राहायचा. हे आम्हाला कोणी शिकवलं न्हाई. या जमिनीनं शिकवलं.

पुढं युनूस मोठ्या क्लबात गेला. बाहेरच्या राज्यात. करार करून, पगारी खेळाडू म्हणून. माझ्या माहितीत आपल्या भागातून असा जाणारा तो पहिलाच. कोणत्या क्लबात ते मी सांगणार न्हाई, त्यांचा काही दोष न्हाई. तिथं गेल्यावर त्यानं पहिल्याच वर्षी तिथल्या कोचसाहेबांना सांगितलं, आमच्या गावचा एक जण आहे, त्याला बघा. साहेबांनी विचारलं, काय विशेष? युनूस म्हणला, "साब, वो मेरे आगे खड़ा रहा तो मेरेकू कम कूदना पड़ता." एवढ्या शिफारशीवर माझी चाचणी झाली अन् मी निवडला गेलो. मेंढरामागची काठी टाकून मी बूट घातले, ते युनूसमुळं.

तीन वर्षं आम्ही तिथं खेळलो. हिरवंगार मैदान, गालिच्यासारखं सपाट. तो मला गंमतीनं म्हणायचा, "भगवान्या, नाम पे मत जा. दौड़." मी पळायचो. आम्ही दोघं मिळून गोल होऊ देत नव्हतो. त्याचं नाव पेपरात यायला लागलं. मोठ्या संघाची माणसं त्याला बघायला येऊन राह्यली होती.

मंग तो सामना आला.

बरोबरी झाली तरी आम्ही पुढच्या फेरीत जाणार होतो. शेवटची पाच-सहा मिनिटं राह्यली होती. एकही गोल नव्हता. पाय शिशाचे झाले होते. त्यांचा एक जण माझ्या अंगावर आला अन् चेंडू माझ्या पायात. तिथं आम्ही सगळे हिंदीत बोलायचो, दोन-चार इंग्रजी शब्द. युनूस पण तसंच ओरडायचा. पण त्या वेळी मागून आवाज आला, "भगवान्या, इकडं दे." आपल्या गावचा आवाज. बाजार मैदानावरचा.

मंडळी, मी मागं बघितलं न्हाई. माझा पाय गावाला गेला. मी चेंडू दिला, रस्त्याकडं धरून.

अन् युनूस? तोही गावाला गेल्ता. तो दीड पाऊल सरकला, ओढ्याकडं.

त्या मैदानात ना रस्ता होता, ना ओढा. चेंडू मारला तसाच सरळ गेला. युनूसच्या बाजूनं, हातभर लांबून, सरळ जाळ्यात. त्यानं उलटं फिरून सूर मारला. बोट लागलं नुसतं. ते बोट तुम्ही पाह्यलंय, चहाचा कप धरताना जे वाकायचं न्हाई तेच. खांबावर आपटून मोडलं ते त्याच दिवशी.

आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. युनूस गुडघ्यावर बसलाय अन् मागं जाळ्यात चेंडू. तो फोटो या गावात चहाच्या टपरीवर किती वर्षं लावलेला होता, ते तुम्हाला सांगायला नको.

आता जे सांगतो ते मी कधी कोणाला सांगितलं न्हाई. माझ्या बायकोला पण न्हाई.

सरपंच, मला बसायची खूण करू नका. शोकसभेत असं बोलत न्हाईत हे मलाही कळतं. पण मी आज बसलो तर परत उठणार न्हाई. मला माझा स्वभाव माहीत आहे. पाच मिनिटं द्या.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मला विचारलं, पास कुठं दिला होता? साधा प्रश्न होता. माझ्या कराराचं नवं कागदपत्र त्याच आठवड्यात व्हायचं होतं. मला परत मेंढरांमागं यायचं नव्हतं. एवढंच कारण. याच्यापेक्षा मोठं कारण मी लई शोधलं, सापडलं न्हाई.

मी म्हणलो, "सीधा कीपर को दिया था, सर."

खोटं बोललो. खोलीत वीस माणसं होती. त्यातल्या माझ्याशिवाय एकालाच माहीत होतं की चेंडू कुठं दिला अन् काहून दिला. साहेबांनी त्याच्याकडं पाह्यलं. त्याच्या बोटाला पट्टी होती. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं न्हाई. कसं ते सांगता येत न्हाई मला. मंग साहेबांना म्हणला, "हौ सर, पास बराबर था. मैं जगह पे नहीं था."

संपलं. त्याला बाकावर बसवलं. हंगाम संपल्यावर करार संपला. बघायला आलेली मोठ्या संघाची माणसं परत आली न्हाईत. माझा करार झाला. मी अजून दोन वर्षं तिथं खेळलो, त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या गोलकीपरच्या पुढं.

तो निघाला तव्हा मी स्टेशनावर गेल्तो. मी रडत होतो, तो पेटीवर बसून केळं खाऊन राह्यला होता. मी म्हणलो, "युन्या, मी आत्ता जाऊन साहेबाला खरं सांगतो." तो म्हणला, "नक्को. तेरा भी जाएगा. दोनों घर को जाके क्या करेंगे?" मी म्हणलो, "पण चूक माझी आहे." तो म्हणला, "देख भगवान्या, मेरे आगे दस जन हैं. मेरे पीछे कोई नहीं. मेरे पीछे गया सो मेरा." अन् अर्धं केळं मला दिलं. मी ते खाल्लं. काय सांगू तुम्हाला, मी ते खाल्लं.

त्या वेळी मी जाऊन सांगायला पाहिजे होतं. त्यानं न्हाई म्हणलं, हे मी निमित्त केलं. त्याच्या मोठ्या मनाच्या आडोशाला मी वीस वर्षं लपलो.

तुम्हाला वाटतं, त्याच्यानंतर त्याचा खेळ संपला. न्हाई. हे पण गावाला माहीत न्हाई. तिथून पुढं तो चौदा वर्षं खेळला. छोटे क्लब. कुठं डोंगरात, कुठं समुद्राच्या काठी. कुठं पहिला गोलकीपर, कुठं दुसरा, कुठं तर तिसरा. सगळा हंगाम बाकावर बसायचं अन् रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानात यायचं. मोडक्या बोटाला शेजारच्या बोटाशी पट्टीनं बांधायचं अन् वर हातमोजा चढवायचा. अडतिसाव्या वर्षापर्यंत. आपल्यापैकी कोणी एवढं केलंय? मी तर गुडघा दुखला तसा घरी आलो. ज्या मेंढरांच्या भीतीनं खोटं बोललो त्याच मेंढरांमागं गुमान आलो.

अन् त्या चौदा वर्षांत त्यानं एक रिवाज पाळला. सामन्याच्या आधी, मैदान रिकामं असताना, तो गोलात जायचा. चेंडू जमिनीवर ठेवायचा. हात काढून घ्यायचा. अन् थांबायचा. मधोमध एकदा, या खांबापाशी एकदा, त्या खांबापाशी एकदा. चेंडू हलतो का, कुठं हलतो, ते बघायचा. त्याच्या संघातल्यांना वाटायचं, दुवा मागतोय. कोणी त्याची थट्टा करायचे, कोणी त्याच्यासोबत गप उभे राहायचे. तो कोणाला काही सांगायचा न्हाई.

मी ते एकदा डोळ्यांनी पाह्यलं. माझ्या शेवटच्या वर्षी त्याचा संघ आमच्याविरुद्ध खेळायला आल्ता, त्याच मैदानात. मी लवकर गेल्तो. रिकाम्या मैदानात तो एकटा गोलात वाकून उभा. चेंडू ठेवला. थांबला. चेंडू जागचा हलला न्हाई. त्यानं वर पाह्यलं तर मी. हसला अन् म्हणला, "देख. ये मैदान सीधा है. दोनों गधे थे अपन." झालं. पुढं कधी त्या गोलाचा विषय त्यानं काढला न्हाई. त्या दिवशी त्यानं आमचा एकही गोल होऊ दिला न्हाई, हे पण सांगून ठेवतो.

मंग तो गावी आला. वडिलांचं दुकान उघडलं, कापूस पिंजायचं मशीन बसवलं. अन् रोज सकाळी इथं पोरापोरींना शिकवायला लागला. ज्यांची पोरं त्याच्या हाताखाली शिकली ते हात वर करा. पाहा. बसलेल्यातले अर्धे. आता मला सांगा, तुमच्या पोरांना तो आठवड्यातून एक दिवस चालत चालत कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फरशीवर काहून न्यायचा? तुम्ही कुरकुर करायचे. फरशीवर गुडघे फुटतात, इथं एवढं मैदान असून तिकडं कशाला? ती फरशी सपाट आहे म्हणून. पाच दिवस उतारावर, एक दिवस सपाटीवर. आपल्या पोरांचा पाय बाहेर गेल्यावर गावाला येऊ नये म्हणून. माझ्या एका चुकीतून त्यानं शंभर पोरं शहाणी केली.

अन् आपण काय केलं? टपरीवर कोणीतरी चहाची गाळणी वर धरायचा अन् म्हणायचा, हे बघा, आपला कीपर. सगळे हसायचे. मी पण हसायचो. गप बसलो असतो तर कोणाच्या मनात आलं असतं की हा काहून हसला न्हाई. त्या भीतीनं हसायचो. अन् युनूस? कप पुढं करायचा अन् म्हणायचा, "गाळणी नहीं तो तुम्हारे चाय में पत्ती आएगी, मियां." लोक अजून हसायचे. मी कप खाली ठेवून उठून जायचो. एवढीच माझी मर्दुमकी.

आता रुबीनाचं बोलतो. बेटा, तुझ्या परवानगीशिवाय बोलतोय, माफ कर.

ही पोरगी तिच्या बापासारखी गोलकीपर आहे. मी दोघांच्या उड्या जवळून पाह्यल्यात, म्हणून सांगतो, हिची उडी त्याच्यापेक्षा चांगली आहे. दोन वर्षांमागं तालुक्याच्या सामन्यात बघायला आलेल्या लोकांनी ओरडायला सुरुवात केली, गाळणीची पोरगी, गाळणीची पोरगी. ती लोकं परगावची होती. पण नाव त्यांना कोणी शिकवलं? आपणच. हिनं सामना पुरा खेळला. घरी येऊन हातमोजे बापापुढं ठेवले अन् विचारलं, "अब्बा, वो गोल सच में आपसे गया था?"

अन् त्यानं स्वतःच्या लेकीला काय सांगितलं? "हां बेटा. मुझसे गया." माझं नाव घेतलं न्हाई. लेकीपुढं पण न्हाई.

तव्हापासून ही सामना खेळली न्हाई. फक्त सकाळी बापासोबत सराव करायची, कोणी नसताना. गेल्या महिन्यात, हिचा तो सामना पाह्यलेल्या बाहेरच्या एका महिला संघाकडून हिला चाचणीचं बोलावणं आलं. हिनं सांगितलं, मी जाणार न्हाई. लोकं परत तेच म्हणतील. चाचणी येत्या सोमवारी आहे.

युनूस माझ्याकडं आला. मी वाड्यावर मेंढरांना पाणी पाजून राह्यलो होतो. दगडावर बसला, पाणी प्यायला अन् म्हणला, "भगवान्या, रुबीना को तू बोल." मी विचारलं, काय बोलू? म्हणला, "जो बोलना है सो." वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं काहीतरी मागितलं. मी म्हणलो, तूच सांग की, आता माझी काही हरकत न्हाई. तो म्हणला, "मैं बोलूंगा तो बाप ने अपना बचाव किया, ऐसा लगेगा. तू बोलेगा तो उसको सच लगेगा."

मी म्हणलो, उद्या येतो.

उद्या गेलो न्हाई. परवा गेलो न्हाई. मेंढरू व्यालं, पाहुणे आले, पाय दुखला. माणसाला न जायचं असलं की लई कामं सुचतात. पाचव्या दिवशी सकाळी नमाज पढून तो मैदानात आला, चेंडूची जाळी सोडली अन् इथंच, या खांबाला टेकून बसला. पोरांना वाटलं बूट बांधून राह्यलाय. मी आलो तव्हा संपलं होतं.

म्हणून आज सांगितलं. तुला एकटीला घरात सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, बेटा. पण गाळणी हे नाव घरात पडलं नव्हतं. चारचौघांत पडलं होतं. तर चारचौघांतच काढायला पाहिजे.

तर मंडळी, ऐकून घ्या. तो गोल माझा होता. पास चुकीचा मी दिला. खोटं मी बोललो. युनूस चुकला तो एवढाच, की माझ्यावर अन् या मैदानावर भरवसा ठेवून दीड पाऊल सरकला. त्याला तुम्ही चूक म्हणत असाल तर म्हणा. मी म्हणणार न्हाई. अन् आजपासून या गावात ज्याला गाळणी म्हणायचं असंल त्यानं मला म्हणावं, माझ्या तोंडावर म्हणावं. मी वळून ओ देईन.

भाभी, तुमची माफी मागायची माझी लायकी न्हाई. तरी मागतो.

सरपंच, कमान बांधा. नाव द्या. पण मुरूम टाकून मैदान सपाट करायचं जे मघा म्हणले ते करू नका. हा उतार राहू द्या. पोरांना त्यावर शिकू द्या अन् आठवड्यातून एकदा जिनिंगवर नेऊ द्या. ते काम उद्यापासून मी करणार. सकाळी सहाला. माझे गुडघे गेलेत, शिकवणं मला त्याच्यासारखं जमणार न्हाई, पण मी येणार. पाऊस असो, बाजार असो, मेंढरू व्यालेलं असो. अन् सोमवारी चाचणीच्या ठिकाणी मी जाणार, रुबीना आली तरी, न आली तरी. ती न आली तर तिथल्या साहेबांना एवढं सांगून येईन की तिचा बाप कोण होता.

आता शेवट. श्रद्धांजलीला आपण दोन मिनिटं उभं राहतो. आज तसं न्हाई करायचं. युनूस सामन्याआधी जसा थांबायचा तसं थांबायचं.

ही पुढची सतरंजी कोणीतरी गुंडाळा. गोलापुढची. खुर्च्या मागं घ्या. त्या जाळीतला एक चेंडू द्या इकडं.

रुबीना, ये बेटा. मी तुला खेळ म्हणत न्हाई. सोमवारचं पण विचारत न्हाई. फक्त हा चेंडू ठेव. मधोमध. हां. धूळ पुसू नको, राहू दे. आता हात काढ.

पाहा सगळ्यांनी. मागच्यांनी उभं राहून पाहा. पाहून राह्यले ना? कोणी हात लावला न्हाई, वारा न्हाई. चालला. ओढ्याकडं चालला. हा उतार अन् हाच माझा पास.

थांबला. दीड पाऊल. मोजायची गरज न्हाई, मला ती जागा माहीत आहे. तिथं तो उभा राहायचा.

न्हाई बेटा, चेंडू उचलू नको. त्याच्यापाशी उभी राहा. तिथंच. आमच्याकडं तोंड करून.

आता बाकीचे उठा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. गोलात कीपर आहे.